एका रात्रीचा पहिला क्रमांक : सोलापुरातील एका यात्रागीताचे प्रकरण

प्रकरणाची ओळख

सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर यांची गड्डा यात्रा दरवर्षी जानेवारीत, मकर संक्रांतीच्या सुमारास भरते. पांढऱ्या बाराबंदीतील भक्त, सात नंदीध्वज (मिरवणुकीत उभ्या नेल्या जाणाऱ्या उंच मानाच्या काठ्या), अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरील होमविधी आणि शोभेचे दारूकाम यांत शहराचा तो आठवडा जातो. 2018 च्या यात्रेआधी येथील एका लहान भजनी मंडळाने नंदीध्वजांच्या मिरवणुकीवर गाणे ध्वनिमुद्रित केले आणि ते इंटरनेटवरील संगीतविक्रीच्या दुकानांत ठेवले. त्यांतील एका दुकानाच्या मराठी गाण्यांच्या यादीत ते एका रात्रीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तिसऱ्या दिवशी पहिल्या शंभरांतही राहिले नाही.

मी संख्याशास्त्र शिकवतो आणि गेली काही वर्षे या मंडळाचा हिशेबही पाहतो. गाणे खाली का आले, याचा शोध घेण्याचे काम मंडळाने माझ्याकडे सोपवले होते. त्या शोधाची ही नोंद आहे. संबंधित व्यक्तींची नावे आणि त्या दुकानाचे नाव येथे दिलेले नाही.

गाणे आणि त्यामागची माणसे

गीतकार निवृत्त गिरणी कामगार आहेत. त्यांना सर्वजण काका म्हणतात. गायिका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत, आणि तबला व हार्मोनियम वाजवणारे त्यांच्याच घरातील. गाण्याची दोन कडवी मराठी आणि तिसरे कन्नड आहे. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी, म्हणजेच सिद्धेश्वरांनी, बाराव्या शतकात आपली वचने कन्नडमध्ये रचली, त्यामुळे मराठी गाण्यात मध्येच कन्नड कडवे यावे यात सोलापूरच्या श्रोत्याला काहीही वेगळे वाटत नाही. दुकानाच्या अर्जात मात्र 'भाषा' या रकान्यात एकच नोंद करता येत होती, आणि मंडळाने तेथे मराठी लिहिले. 'प्रकार' या रकान्यात भक्तिसंगीत निवडावे की प्रादेशिक मराठी, यावर बराच वेळ चर्चा झाली. भक्तिसंगीताच्या यादीत साऱ्या देशातील आरत्या, स्तोत्रे आणि चालिसा एकत्र येतात, म्हणून प्रादेशिक मराठी निवडले गेले. हा निर्णय कोणी डावपेच म्हणून घेतला नव्हता, पण पुढच्या साऱ्या घडामोडींची पहिली कडी तोच ठरला, कारण गाण्याची स्पर्धा कोणाशी होणार हे त्या रकान्याने ठरवले.

घटनाक्रम

यात्रेच्या आधीच्या शुक्रवारी गाणे प्रसिद्ध झाले. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आदल्या दिवशीच निरोप गेला होता की शुक्रवारी रात्री आठ ते दहा या दोन तासांतच सर्वांनी गाणे विकत घ्यावे, आधी नको आणि नंतरही नको. निरोप पाठवणाऱ्या तरुणाने कोठेतरी वाचले होते की सर्वांनी एकाच वेळी घेतल्यास गाणे वर जाते. त्याचे वाचन चुकीचे नव्हते. रात्री अकराच्या सुमारास गाणे मराठी यादीत पहिले दिसले. त्या पडद्याचे छायाचित्र मध्यरात्रीपर्यंत साखर पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत फिरले. शनिवारी सकाळी 'मराठीत पहिला क्रमांक' असा फ्लेक्स करायला दिला गेला. शनिवारी दुपारी गाणे विसाच्या आसपास होते, रात्री त्याहून बरेच खाली, आणि रविवारी सकाळी फ्लेक्स चौकात लागला तेव्हा पहिल्या शंभरांत ते सापडत नव्हते.

त्या रविवारी गायिकेचा मला दूरध्वनी आला. "सर, गाणं खाली कशाला यायलंय? कुणी काढलं काय की वो?" त्यांच्या आवाजातील अस्वस्थता मला अजून आठवते. पहिला क्रमांक मिळाला नसता तर त्यांना काहीच वाटले नसते. मिळून गेला, म्हणून कोणीतरी हिरावून घेतल्याची भावना निर्माण झाली. मुंबई-पुण्याच्या एखाद्या संगीत कंपनीने दबाव आणून गाणे काढायला लावले, अशी शंका मंडळात बोलली जाऊ लागली आणि दुकानाला पाठवायच्या तक्रारीचा मसुदाही तयार झाला. आकडे येईपर्यंत तो पाठवू नये, एवढी विनंती मी केली आणि काकांनी ती मान्य केली.

आकड्यांत काय दिसले

एकटा कलाकार किंवा लहान मंडळ अशा दुकानांत सहसा थेट गाणे ठेवू शकत नाही. मधे वितरक असतो, जो एकच फाइल अनेक दुकानांना आणि ऐकण्याच्या ॲपना पुरवतो. त्याच्याकडून दररोजच्या विक्रीचा अंदाजी तक्ता एक-दोन दिवसांनी मिळतो आणि पक्का हिशेब काही महिन्यांनी येतो. मंगळवारी तक्ता हाती आला. शुक्रवारच्या खरेद्या साठच्या आसपास होत्या, शनिवारच्या चार, आणि रविवारी एकही नाही. गाणे दुकानात होते, विक्रीला होते, शोधल्यास सापडत होते. ते कोणीही काढलेले नव्हते.

साठ हा आकडा ऐकून बैठकीत शांतता पसरली. साठ जणांनी घेतलेले गाणे मराठीत पहिले कसे, हा प्रश्न काकांनीच विचारला, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता.

त्याचे पहिले उत्तर बाजाराच्या आकारात आहे. गाणे सुटे विकत घेऊन डाउनलोड करण्याची पद्धत अमेरिकेत एप्रिल 2003 मध्ये ॲपलच्या आयट्यून्स दुकानाने रूढ केली. तेथे एका गाण्याला 99 सेंट पडत. ते दुकान भारतात आले डिसेंबर 2012 मध्ये. तोपर्यंत आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घेण्याची सवय पक्की झाली होती आणि संगीत कंपन्यांची डिजिटल कमाई मोठ्या प्रमाणावर कॉलर ट्यूनमधून होत होती. सुट्या गाण्याची विक्री येथे रुजेपर्यंत ऐकण्याची ॲप आली, सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झाल्यावर इंटरनेटचा दर कोसळला आणि गाणे विकत घेण्याचे कारणच बहुतेकांना उरले नाही. म्हणजे 2018 मध्ये आमचे गाणे ज्या यादीत उतरले, त्या यादीमागचा बाजार ओसरत चाललेला होता. क्रमांक हा नेहमी इतरांच्या तुलनेत असतो. पाणी कमी असलेल्या विहिरीत एक घागर ओतली तरी पातळी चढलेली दिसते.

दुसरे उत्तर वेळेच्या मोजणीत आहे, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण मंडळातील गैरसमजाचे मूळ याच ठिकाणी होते. दुकानातील यादी दिवसातून अनेकदा बदलते. ती आजवरच्या एकूण विक्रीची यादी नसते. अलीकडच्या काही तासांतील विक्रीला तिच्यात जास्त वजन असते आणि जुन्या विक्रीचे वजन झपाट्याने घटत जाते. नेमके सूत्र दुकाने जाहीर करत नाहीत, म्हणून मी बैठकीत फळ्यावर एक गृहीत उदाहरण मांडले. समजा, प्रत्येक विक्रीचे वजन दर सहा तासांनी निम्मे होते. आपले गाणे पहिल्या सहा तासांत 64 वेळा विकले गेले (64 घेतले ते निम्मे करायला सोपे पडते म्हणून) आणि पुढे एकदाही नाही. त्याचे गुण 64 वरून सहा तासांनी 32, बारा तासांनी 16, अठरा तासांनी 8 आणि चोवीस तासांनी 4 होतील. आता दुसरे एखादे चित्रपटगीत घ्या, जे बरेच दिवस दर सहा तासांना केवळ पाच वेळा विकले जात आहे. त्याच्या ताज्या पाच विक्रींचे पाच गुण, आधीच्या पाचांचे अडीच, त्याआधीच्यांचे सव्वा, अशी बेरीज करत गेल्यास ती दहापाशी स्थिरावते. म्हणजे बारा तासांपर्यंत आपण वर आहोत आणि अठराव्या तासाला खाली आलो आहोत. आपले गाणे आल्यापासून मोजले, तर आपल्याइतकी 64 ची विक्री गाठायला त्या गाण्याला मात्र तीन दिवसांहून अधिक काळ लागेल. या मधल्या दोन-अडीच दिवसांत त्याची तेव्हापासूनची विक्री आपल्याहून कमी आणि क्रमांक आपल्याहून वरचा असेल, आणि यात अन्याय काहीही नाही.

हे मांडल्यावर निरोप पाठवणाऱ्या त्या तरुणाने लगेच विचारले की तेच 64 जण तीन दिवसांत विभागले असते तर काय झाले असते. गणित सरळ आहे. दर सहा तासांना पाचाहून किंचित अधिक खरेद्या होऊन साधारण एका दिवसात आपले गुण त्या चित्रपटगीताच्या बरोबरीला येतात, आणि पुढचे दोन दिवस आपण त्याच्या थोडे वर राहतो. पहिला क्रमांक बहुधा मिळाला नसता, पण यात्रेला आलेल्या माणसाने यादी उघडली असती तेव्हा गाणे तेथे दिसले असते. मंडळाने आपला सारा जोर दोन तासांत खर्च केला, तोही नंदीध्वज निघण्याच्या कितीतरी दिवस आधी. एका खात्यातून एकदा विकत घेतलेले गाणे पुन्हा उतरवायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे त्याच माणसांना पुन्हा खरेदी करायला सांगण्याचा मार्गही शिल्लक नव्हता.

मोजणीची मुदत बदलली की निकाल कसा बदलतो, याचे ठळक उदाहरण ब्रिटनमधील आहे. 2009 च्या नाताळात तेथील काही श्रोत्यांनी टीव्हीवरच्या गायन स्पर्धेतील विजेत्याचे गाणे पहिले येऊ नये म्हणून रेज अगेन्स्ट द मशीन या वाद्यवृंदाचे 1992 चे जुने गाणे फेसबुकवरून ठरवून विकत घेण्याची मोहीम चालवली. पाच लाखांहून अधिक डाउनलोड झाले, ते गाणे नाताळच्या यादीत पहिले आले आणि पुढच्याच आठवड्यात ती जागा त्या विजेत्याच्या गाण्याने घेतली. तेथे मोजणी आठवड्याची होती, म्हणून मोहिमेतील प्रत्येक खरेदी पूर्ण वजनाने धरली गेली आणि पहिला क्रमांक आठवडाभर टिकला. आमच्या मंडळाची मोहीम त्याच घडणीची होती. ती तासांवर चालणाऱ्या यादीत गेली आणि तासांतच विरली.

जे खरेदीदार मोजले गेले नाहीत

तक्त्यात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे मंडळातील कोणाचेही लक्ष गेले नव्हते. काकांचा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याने आणि त्याच्या ओळखीच्या सोलापूरकरांनी त्या रात्री मोठ्या उत्साहाने गाणे घेतले होते. परंतु अशा दुकानांच्या याद्या देशनिहाय असतात. अमेरिकेतील खात्यातून झालेली खरेदी अमेरिकेच्या दुकानात नोंदली जाते आणि भारतातील क्रमांकाला तिचा काही उपयोग होत नाही. पैसे मंडळाच्या हिशेबात आले, क्रमांकात आले नाहीत.

याउलट सोलापुरातील बहुसंख्य चाहते मुळात खरेदीच करू शकले नाहीत. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतील आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील कारखान्यांमधील ज्या बायका हे गाणे पाठ म्हणतात, त्यांच्याकडे त्या दुकानात चालणारा फोन नव्हता आणि इंटरनेटवर पैसे भरायला चालणारे बँकेचे कार्डही नव्हते. खरेदी केली ती मुख्यतः पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलांनी. यादीतील तो पहिला क्रमांक पुण्यातल्या दोन-तीन उपनगरांतून मिळालेला होता, असे म्हटले तरी चालेल. आणि यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या परिसरात ध्वनिक्षेपकावरून ते गाणे जितक्या लोकांच्या कानी पडले, त्यांतील एकाचीही नोंद जगातील कोणत्याही यादीत झालेली नाही. हे लिहिताना मला खंत वाटते, कारण गाण्याचा खरा श्रोता तोच होता.

नावाच्या स्पेलिंगनेही नुकसान केले. 'सिद्धेश्वर' हा शब्द रोमन लिपीत एक 'डी'ने लिहावा की दोन, त्यात 'एच' किती आणि शेवटी 'व्ही' की 'डब्ल्यू', याबाबत लोकांत एकवाक्यता नाही. आमच्या गाण्याच्या नावात निवडलेले स्पेलिंग फार थोडे लोक वापरतात. मंडळातीलच दोघांना त्या रात्री शोधूनही गाणे सापडले नव्हते.

पैशाचा भाग थोडक्यात सांगता येईल. गाण्याची किंमत 15 रुपये होती. साठ खरेद्यांचे 900 रुपये होतात, त्यांतील सुमारे 30 टक्के दुकानाचे, उरलेल्यांतून वितरकाचा वाटा. हाती आलेल्या रकमेत फ्लेक्सचा खर्चही निघाला नाही.

दुसरी रेषा

तोच वितरक ते गाणे ऐकण्याच्या ॲपवरही पुरवत होता. तेथील आलेख मी याच कालावधीसाठी काढला, तेव्हा तो विक्रीच्या आलेखाशी कोठेच जुळेना. शुक्रवारी रात्री तेथे काहीच घडले नव्हते. रविवारी, म्हणजे विक्रीची यादी आमच्यापुरती संपली होती त्या दिवशी, रेषा हलू लागली. तैलाभिषेकाच्या दिवशी ती चढली, अक्षता सोहळ्याच्या दिवशी सर्वांत वर होती, दारूकामानंतर उतरली आणि महिनाअखेरीस जमिनीलगत जाऊन तेथेच राहिली. कोणी निरोप पाठवला नव्हता. लोक घरी परतल्यावर गाणे शोधून ऐकत होते.

विकलेले गाणे एकदाच मोजले जाते. नंतर घेणाऱ्याने ते हजार वेळा ऐकले तरी यादीला त्याचा पत्ता नसतो. ऐकण्याच्या ॲपवर प्रत्येक ऐकणे वेगळे मोजले जाते. त्यामुळे विक्रीच्या यादीत गाणे वर जाण्यासाठी नवी माणसे लागतात, तर ऐकण्याच्या यादीत तीच माणसे परत आली तरी पुरते. पाश्चात्त्य देशांतील मुख्य याद्यांनी हा बदल टप्प्याटप्प्याने स्वीकारला. अमेरिकेतील बिलबोर्डच्या हॉट 100 यादीत डाउनलोड धरले जाऊ लागले 2005 मध्ये आणि यूट्यूबवरचे ऐकणे 2013 मध्ये. ब्रिटनच्या यादीने 2014 मध्ये 100 वेळा ऐकणे म्हणजे एक विक्री असे गुणोत्तर ठरवले. त्यानंतर तेथे उलटी अडचण उभी राहिली. लोक तीच गाणी पुन्हा पुन्हा ऐकत असल्याने जुनी गाणी यादीतून हलेनात. म्हणून 2017 मध्ये असा नियम आला की किमान दहा आठवडे यादीत असलेले गाणे सलग तीन आठवडे घसरले, तर पुढे त्याचे ऐकणे निम्म्या वजनाने धरायचे. गाणे किती वेगाने खाली यावे, हेदेखील अशा प्रकारे नियमाने ठरवता येते.

हंगामी गाण्याला ऐकण्याच्या मोजणीचा लाभ सर्वाधिक होतो. मरायाह केरी यांचे 1994 चे नाताळगीत हॉट 100 मध्ये पहिल्या क्रमांकावर प्रथम आले ते डिसेंबर 2019 मध्ये, पंचवीस वर्षांनी. ज्यांनी ते कधीकाळी विकत घेतले होते, त्यांचे पुढचे ऐकणे नव्या पद्धतीतच मोजले जाऊ लागले आणि ते गाणे दर नाताळात वर येऊ लागले. आमच्या यात्रागीताची जात तीच आहे. चित्रपटगीते असलेल्या यादीत त्याला पहिले आणण्याचा खटाटोप करताना आम्ही ही साधी गोष्ट विसरलो होतो की त्याचा हंगाम वर्षातून एकदा येतो आणि तो दरवर्षी येतो.

मंडळाने काय ठरवले

तक्रारीचा मसुदा काकांनी स्वतः फाडला. गायिकेचे समाधान व्हायला वेळ लागला. त्यांचे म्हणणे असे होते की साठ का असेनात, त्या साठ माणसांनी पदरचे पैसे देऊन गाणे घेतले, आणि त्याला काहीच किंमत नाही असे मी म्हणू नये. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. गणित समजावून सांगण्याच्या भरात माझ्याकडून ती चूक झाली होती. फुकट ऐकता येत असताना माणूस 15 रुपये देतो तेव्हा तो मंडळाला आपले मानतो, आणि ही माहिती ऐकण्याच्या आलेखातून कधीच मिळत नाही. त्या साठ जणांची यादी आम्ही आठवून तयार केली आणि पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाचे निमंत्रण त्यांना आधी गेले.

2019 च्या यात्रेआधी तीन बदल करण्यात आले. गाण्याच्या नावाचे स्पेलिंग वितरकाकडून दुरुस्त करून घेतले. खरेदीची मोहीम ठेवली नाही, त्याऐवजी मिरवणुकीच्या मार्गावरील चहाच्या टपऱ्यांवर आणि मंडपांत गाण्याचे नाव व ते कोठे ऐकता येईल हे लिहिलेली पत्रके लावली. कन्नड कडवे वाढवून त्याचे स्वतंत्र कन्नड गाणे केले आणि भाषेच्या रकान्यात या वेळी कन्नड लिहिले. त्या जानेवारीत विक्रीच्या कोणत्याही यादीत आमचे नाव आले नाही. जुन्या गाण्याची ऐकण्याची रेषा मात्र तैलाभिषेकाच्या दिवशी आपणहून पुन्हा चढली आणि अक्षता सोहळ्याला आदल्या वर्षीच्या शिखराच्या पुढे गेली. कन्नड गाणे सोलापूरपेक्षा विजापूर आणि कलबुर्गीकडे अधिक ऐकले गेले, ज्याची कल्पना आमच्यापैकी कोणालाही नव्हती. तेलुगू भाषक पद्मशाली वस्तीतून आता तेलुगू कडव्याची मागणी आली आहे. काकांनी ते लिहून द्यायला एका विणकर मित्राला सांगितले आहे, आणि त्याची चाल मूळ गाण्याचीच ठेवावी की वेगळी, यावर मंडळात अजून एकमत झालेले नाही.